रिळांचा डबा घट्ट बंद करू नका

नमस्कार मंडळी! पाऊस लागलाय, तेव्हा आज माळ्यावरच्या फिल्मच्या रिळांबद्दल बोलूया. कुणाचे काका बोटीवर, कुणाचे आखातात, येताना सुपर एट, म्हणजे घरगुती शूटिंगचा छोटा फिल्म कॅमेरा घेऊन आले आणि मग चवथीची माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट), जत्रेतला रथ, कुणाचं तरी लग्न असं काय काय शूट केलं, आणि ती रिळं आता पत्र्याच्या डब्यात आहेत, वरून चिकटपट्टी, म्हणे दमट हवा आत जायला नको.

तीच चिकटपट्टी आधी काढा. ही फिल्म बहुतेक ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची असते, आणि दमट उबेत ॲसिटेट सडायला लागलं की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे विनेगरच की. डबा घट्ट असला की ते आतच कोंडतं आणि उरलेली फिल्म आणखी जोरात खातं. झाकण उघडल्याबरोबर विंदालूसारखा आंबट वास आला तर समजा सुरुवात झाली, ते रीळ लगेच वेगळं काढा, शेजारच्या रिळांनाही ती वाफ बाधते. हे परत फिरवता येत नाही, फक्त हळू करता येतं. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या ॲसिटेटला इथवर यायला साधारण ४० वर्षं लागतात असा इमेज परमनन्स इन्स्टिट्यूट या फिल्म-फोटो जपण्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचा हिशेब आहे, आणि आपल्याकडे गोव्यात जुलैतली आर्द्रता ९० च्या आसपास, आता बोला!

मग पॉलिप्रॉपिलीनचे, हवा खेळणारे डबे घ्या, रीळ आडवं ठेवा, आणि माळा तर नकोच, मे महिन्यात कौलाखाली काय तापतं ते ठाऊक आहे सगळ्यांना. ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, घरातली सगळ्यात थंड कोरडी जागा बघा. एसी रात्री चालू दिवसा बंद, असले चढउतारही फिल्मला सोसत नाहीत. बुरशी दिसली तर ओलं फडकं अजिबात लावू नका हं, फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं, आणि बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, एका पुसण्यात चित्रच जाईल.

स्कॅन जरूर करून घ्या, पण रीळ फेकू नका. इफ्फीत, म्हणजे आपल्या चित्रपट महोत्सवात, रिस्टोअर केलेले जुने सिनेमे दिसतात ते कुणीतरी मूळ फिल्म जपली म्हणूनच ना! आणि आकसलेलं, वाकडं रीळ 'बघूया तरी' म्हणून प्रोजेक्टरवर चढवू नका, दात्यांवर छिद्रं फाटतात, त्याला बिनदात्यांचा स्कॅनर लागतो, तेवढं देण्याआधी विचारून घ्या.