जलवाहिनीच्या कडेकडेने

[दृश्य: शहापूर तालुका. रस्त्याच्या एका बाजूला जलवाहिनी, दुसऱ्या बाजूला हंड्यांची रांग.]

मे महिना. शहापूर तालुका, जिल्हा ठाणे. डावीकडे दिसतेय ती मुंबईला जाणारी जलवाहिनी. आत माणूस सरळ उभा राहील एवढी मोठी. उजवीकडे हंडे. बाया सावलीला बसल्यात, नंबर हंड्यांनी धरलाय.

टँकर आला की पाणी थेट विहिरीत सोडतात. मग कठड्याभोवती एकच झुंबड. दोर एकमेकांत अडकतात, पोहरे एकमेकांवर आपटतात. ओतलेल्या पाण्याने तळाचा गाळ ढवळून वर येतो. तो खाली बसेपर्यंत थांबलं तर विहीर रिकामी झालेली असते. म्हणून हंड्याच्या तोंडावर लुगड्याचं फडकं, आणि जे येईल ते त्यातून गाळायचं.

[दृश्य: तानसा धरणाची दगडी भिंत. भातसाचा जलाशय.]

आता हे बघा. याच तालुक्यातलं तानसा. याच तालुक्यातलं भातसा. वैतरणेवरचं मोडकसागर आणि मध्य वैतरणा इथून फार लांब नाहीत. हा दुष्काळी मुलूख नाही. आषाढात इथे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. तो साठतो, आणि मुंबईला जातो.

मुंबईने पाण्यासाठी इतक्या लांब हात कसा घातला, ती गोष्ट सांगायलाच हवी. एके काळी शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक: नावं बसच्या पाट्यांवर राहिली, तलाव बुजले. १८६० साली मिठी नदी अडवून विहार तलाव झाला. (तेव्हाची मुंबई शीव-माहीमपाशी संपायची, म्हणजे विहारसुद्धा गावाबाहेरचंच पाणी.) १८७९ साली तुळशी. पुढे तेही पुरेना, तेव्हा खाडी ओलांडून इंजिनिअर इथे आले. १८९२ साली तानसाचं पाणी मुंबईत पोहोचलं. ही भिंत तेव्हाची. तानसा उंचावर, मुंबई सखल. त्यामुळे पंप न लावता, निव्वळ उताराने पाणी शहरापर्यंत जाऊ लागलं. अभियांत्रिकी म्हणून याला दाद द्यावीच लागेल.

मग दर पिढीला एक धरण. १९५७ साली मोडकसागर, पालिकेचे अभियंते मोडक यांच्या नावाने. १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा, म्हणजे मुंबई थेट नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीपर्यंत गेली. २०१४ साली मध्य वैतरणा. भातसा धरण राज्य सरकारचं. त्याचं पाणी नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे पाठवतात. शहराचं जवळपास निम्मं पाणी हे एकटं भातसा पुरवतं.

सातही तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. जुलै उजाडला की पेपरात रोज टक्के येतात, कुठला तलाव भरून वाहू लागला त्याचा फोटो येतो, आणि मुंबईकर निर्धास्त होतो. शहापूरच्या पाड्यांचा आकडा त्या चौकटीत नसतो.

[दृश्य: मुंबई, डोंगरउतारावरची वस्ती. पहाट. चावीवाला.]

मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास येत नाही, पाळीने येतं. ती पाळी या माणसाच्या हातात असते. लोक त्याला चावीवाला म्हणतात. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी खाली सोडायची आणि फिरवायची. आटे मोजताना त्याचे ओठ हलतायत, बघा. आट्यांचा हिशोब चुकला तर पलीकडच्या गल्लीतून आरडाओरडा.

झडप उघडली की सखल भागाला आधी जोर मिळतो. वर, टेकडीच्या माथ्यावर, पाणी चढेपर्यंत वेळ संपत आलेली असते. म्हणून प्रत्येक घराची मोटर, प्रत्येकाचा वेगळा पाइप, आणि ते सगळे पाइप गटाराच्या कडेने गेलेले. पाइपाला चीर असली आणि आत दाब नसला की गटारातलं काय आत जातं, ते वेगळं सांगायला नको.

पालिकेचं वर्षानुवर्षांचं गणित असं: इमारतीत राहणाऱ्याला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर. हे ४५ लिटरसुद्धा कागद असलेल्यांना. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळ द्यायचा नाही, असं सरकारनेच ठरवलं होतं. त्यांनी टँकरचं घ्यायचं, नाहीतर शेजारच्या वस्तीतून पिंपाच्या भावाने. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणारी पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचं धोरण आलं २०२२ साली. मधली आठ वर्षं वस्त्या अर्ज करत होत्या.

[दृश्य: विद्याविहार, तानसा जलवाहिनी. दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी.]

हीच ती तानसाची वाहिनी, आता शहरात. तिच्या दोन्ही अंगांना घरं होती. सुरक्षेसाठी दहा-दहा मीटर मोकळे करण्याचा न्यायालयाचा आदेश झाला, घरं पाडली गेली आणि अनेक कुटुंबांची माहुलला रवानगी झाली. माहुल म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या इमारती. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच ताशेरे ओढले होते. लोक आजारी पडले, काही परत येऊन विद्याविहारच्या फुटपाथवर आंदोलनाला बसले. २०१९ साली उच्च न्यायालयाने पर्यायी घर नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं.

मोकळ्या केलेल्या पट्टीवर पालिकेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. प्रकल्पाचं नाव ‘हरित वारी, जलतीरी’. सायकलला कोण नाही म्हणेल? फक्त ही जागा हिरवी करण्याआधी कुणाची घरं होती, तेवढं एका पाटीवर लिहायला हरकत नव्हती.

[दृश्य: वाडा तालुका. जंगल, गारगाई नदीचं पात्र.]

आणि हा पुढचा टप्पा. तानसा अभयारण्याच्या हद्दीतलं, वाडा तालुक्यातल्या ओगदा गावाजवळचं नियोजित गारगाई धरण. मुंबईला यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळणार आहे. बुडणाऱ्या झाडांचा हिशोब लाखांत आहे. गावं उठणार, पुनर्वसन होणार असं कागदावर आहे. शहापूरच्या गावांसाठी इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची योजनाही आखलेली आहे. मुंबईच्या वाहिनीला शहापुरातच फाटा काढून ते का देता येऊ नये, हा प्रश्न इथल्या ग्रामसभांनी विचारायला हवा, आणि मुंबईकरांनीही.