जुन्या डेस्कटॉपचं झाकण उघडताना

मंडळी, नौपाड्यातल्या कितीतरी घरांत दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप अजून आहे. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला, आता सोसायटीचे हिशेब आणि घरचे फोटो सांभाळणारा. तो सुरू व्हायला पाच मिनिटं लागायला लागली की कुणीतरी सांगतंच, 'रॅम वाढवा.' रॅम म्हणजे चालू कामं ठेवायची मेमरी. माझं म्हणणं एवढंच, की पैसे काढण्याआधी तो नेमका कुठे अडतोय ते बघा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामं चालू ठेवून त्यात मेमरी आणि डिस्कचे आकडे पाहा. मेमरी निम्मीच भरलीय आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलीय, तर रॅम टाकून हाती काही लागणार नाही. मेमरी काठोकाठ भरली असेल तर मात्र विंडोज तिथं न मावलेलं डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि मग दोन्ही आकडे चढलेले दिसतात. तेव्हा आधी रॅम.

माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष हार्डडिस्कचाच निघतो. तिची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंद जातात, हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सुरू होताना विंडोज अशा हजारो छोट्या फायली वाचतं. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, लावा; तिच्यात फिरणारं काहीच नसतं. केबल तीच, साटा नावाची. जुन्या बोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, सेकंदाला तीन गिगाबिटचाच हळू पोर्ट असला तरी बिनधास्त लावा, कारण खरा फायदा ही वाट बघणं संपण्यात आहे.

आता रॅम. तिच्या डीडीआर3 या जुन्या पिढीला 240 पिना, त्यानंतरच्या डीडीआर4 ला 288, आणि दोन्हींची खाच वेगवेगळ्या जागी. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. बोर्डाचा नंबर लिहून घेऊनच दुकानात जा. त्यावर इंटेलचा एच61 चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) असेल तर दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त 16 जीबी. घरच्या कामाला 8 पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या पुढची रॅम ते वापरणारच नाही, हेही आधी तपासा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तात रॅमची पट्टी मिळाली तर 'इंटेलच्या बोर्डावर चालेल ना?' एवढं नक्की विचारा. काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात.

बसवताना घाई नको. प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच पट्टी कडेनं धरा. स्लॉटच्या क्लिपा बाहेर ढकला, खाच जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सारखा दाब द्या. क्लिपा आपोआप टक करून मिटल्या पाहिजेत. एक टोक जरी वर राहिलं तरी स्क्रीन काळीच राहते आणि लोक उगाच बोर्डाला दोष देतात. आपली खाडीकाठची हवा, त्यात चार महिने पाऊस. पिनांवर मळकट थर चढतो. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा आणि कीस झटकून टाका. कित्येकदा 'मेलेला' संगणक एवढ्यावर उठतो.

प्रोसेसर बदलण्यात मात्र पैसे घालू नका. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एच61 वर तो बसतच नाही. त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका; ब्राउझर, पत्रं, हिशेबाचे तक्ते, सगळं चालतं.

शेवटी काढलेल्या हार्डडिस्कबद्दल. नव्या एसएसडीवर सगळे फोटो आणि कागद उघडतायत याची खात्री होईपर्यंत ती पुसू नका. त्यानंतरही तशीच भंगारवाल्याला देऊ नका. तुमचं आधार आणि बँकेचे कागद तिच्यात आहेत, आणि नुसतं डिलीट केल्यानं ते जात नाहीत. पूर्ण डिस्कवर नव्यानं लिहून पुसणारा प्रोग्राम चालवा, आणि मगच ती ई-कचऱ्यात द्या.