वॉटरलूला अर्ज पाठवण्याआधी

मित्रांनो, कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात 'इन्स्टिट्यूट फॉर क्वांटम कम्प्युटिंग' ही संस्था २००२ पासून आहे. पदवीच्या अखेरच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे उन्हाळ्यात दोन आठवड्यांची शाळा भरते. यूएसईक्यूआयपी म्हणतात तिला. व्याख्यानं असतातच, पण खरं आकर्षण प्रयोगशाळेचं. काहींना पुढे तिथेच उन्हाळाभर संशोधनही करायला मिळतं. अर्ज जगभरातून येतात आणि जागा मोजक्या.

मार्कांबद्दल मी बोलणार नाही. ते आता बदलायचे नाहीत. बोलायचं आहे स्टेटमेंटबद्दल, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहायच्या निवेदनाबद्दल. 'लहानपणापासून मला विश्वाच्या गूढाचं आकर्षण आहे' हे वाक्य ज्याने लिहिलं असेल त्याने आज घरी जाऊन खोडावं. (हसू नका, निम्म्यांनी लिहिलंय.) त्या जागी तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी येऊ द्या.

बीबी८४ घ्या. बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ साली मांडलेली, संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) मदतीने वाटून घेण्याची पद्धत. लॅपटॉपवर पायथनमध्ये एका संध्याकाळी लिहून होते. पाठवणारी ॲलिस दोनपैकी एक बेसिस (फोटॉनवर बिट लिहायची आणि मोजायची पद्धत) निवडून बिट पाठवते, घेणारा बॉब आपल्या मनाने बेसिस निवडून मोजतो, आणि बेसिस जुळले नाहीत ते बिट टाकून देतात. मध्ये चोरून ऐकणाऱ्या ईव्हने प्रत्येक फोटॉन पकडून, मोजून पुढे सोडला, तर उरलेल्या बिटांत २५ टक्के चुका येतात. निम्म्या वेळा तिचा बेसिस चुकतो, आणि चुकला की बॉबचं उत्तर निम्म्या वेळा बिघडतं. इथवर पुस्तकात आहे. आता तिला निम्मेच फोटॉन पकडू द्या: १२.५ टक्के. मग ईव्हला काढूनच टाका आणि डिटेक्टरमध्ये थोडा गोंगाट घाला. चुका आहेतच! चोराच्या कुठल्या, यंत्राच्या कुठल्या, बॉबला कळायला मार्ग नाही; म्हणून सगळ्या ईव्हच्याच खात्यावर टाकायच्या. तरीही चुका सुमारे ११ टक्क्यांच्या आत असतील तर सुरक्षित किल्ली काढता येते, हे शोर आणि प्रेस्किल यांनी २००० साली दाखवलं. अकराच का? हा प्रश्न तुम्हाला प्रोग्राम चालवताना पडला असेल, तर तोच लिहा. उत्तर अर्धवट असलं तरी बिघडत नाही. निवडणाऱ्याला तुमच्यासोबत प्रयोगशाळेत उभं राहायचं आहे, तुम्ही कुठे अडता ते त्याला पाहू द्या.

शिफारसपत्राचं आपल्याकडे वेगळंच असतं. 'तूच लिहून आण, मी सही करतो.' असं पत्र परदेशात लगेच ओळखू येतं, कारण त्यात आणि स्टेटमेंटमध्ये विशेषणं तीच असतात. विभागप्रमुखांनी तुम्हाला फक्त हजेरीपटावर पाहिलं असेल, तर ज्या मॅडमनी प्रॅक्टिकलला तुमची वही तीनदा परत केली त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. महिनाभर आधी विचारा, आणि पत्र भरायची लिंक त्यांच्या स्पॅममध्ये पडली नाही ना, हे नम्रपणे पण पुन्हा पुन्हा विचारत राहा.

राहिला पासपोर्ट. तो आजच काढायला टाका. निवड झाल्यावर पोलीस पडताळणी आणि व्हिसा दोन्हींसाठी धावायला लागलं, तर उन्हाळा इथेच संपतो.