अकीकाचा काप आणि त्याचा घुमट

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत गेला, तेव्हा त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर बसून अकीक तयार झाला. प्रवरेकाठी नेवाशाला अश्मयुगातील माणसाने ज्या जातीच्या दगडांची हत्यारे घडवली, त्याच जातीचा एक गोटा आता हौशी कारागिराच्या करवतीखाली येतो आहे. त्यातून कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता घोटून घुमटाकार केलेला खडा, घडवायचा आहे.

या करवतीला दात नसतात. चकतीच्या कडेवर बसवलेली हिऱ्याची भुकटी दगड झिजवत पुढे सरकते. खनिजांचे काठिण्य १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्स मापनपट्टीवर अकीकाचे काठिण्य साडेसहा ते सात असल्याने पाणी सतत चालू ठेवावे लागते. त्याने चकती थंड राहते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धूळ उडत नाही. गुजरातेतील खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसविकार आढळत आला आहे, तो याच धुळीमुळे. हौसेचे काम म्हणून या बाबतीत सवलत घेता येत नाही.

थरांना छेद देऊन काप घेतला, तर वलये उमटतात. थरांना समांतर घेतला, तर तोच दगड एकरंगी दिसू शकतो. नंतर छिद्रांचा साचा कापावर सरकवत नक्षीचा नेमका भाग शोधायचा आणि ॲल्युमिनियमच्या टोकाने रेघ आखायची, कारण शिसपेन्सिलीची रेघ पाण्यात टिकत नाही. खड्याचे रूप बहुतांशी येथेच ठरते, त्यामुळे साच्यापाशी गेलेला वेळ वाया गेला असे मानू नये.

आखलेला तुकडा गरम करून मेणाने लाकडी काडीवर चिकटवतात. थंड दगडावर मेण धरत नाही. ८० क्रमांकाच्या, म्हणजे भरड कणांच्या, घासण्याच्या चाकावर आधी बाह्यरेषा आणि मग घुमट आकाराला येतो. कडेला थोडी उभी भिंत राखावी लागते, म्हणजे कोंदणाची पट्टी तिला धरून बसते, आणि मागची धार किंचित मारली की तिचे टवके उडत नाहीत.

त्यानंतर २२०, ६००, १२०० अशा चढत्या क्रमाने अधिकाधिक बारीक कणांचे प्रत्येक चाक आधीच्या चाकाचे ओरखडे घालवते. येथे ओला दगड फसवतो: ओरखड्यांत पाणी भरले की पृष्ठभाग गुळगुळीत भासतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर खडा कोरडा पुसून तिरप्या उजेडात पाहावा लागतो. शेवटी चामड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइडने झिलई देतात. या टप्प्याचे कौतुक जरा जास्तच होते. वास्तविक खडा चांगला की सुमार, हे त्याआधीच ठरलेले असते. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब घुमटावर पाडून पाहावे. रेघ सलग वळली तर आकार साधला. मध्येच लचकली तर तेथे सपाट जागा राहिली आहे आणि खडा परत २२० च्या चाकावर न्यावा लागतो.