बिलाआधी हजेरी

मंडळी, घरी जाऊन रुग्णसेवा देणाऱ्यांचं बिल म्हणजे दिवस गुणिले दर, ते कॉम्प्युटरवर घ्यायला कितीसा वेळ, असं मला पुष्कळ जण म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात ही सेवा चालवताना मला गुणाकार कधीच जड गेला नाही. जड गेली ती हजेरी.

गारखेड्यातल्या एका घरातल्या वहीची गोष्ट सांगते. अर्धांगवायू झालेले आजोबा, मुलगा पुण्याला, घरात आजी एकट्या. रात्रपाळीच्या मावशी पैठणकडच्या. उशाशी शंभर पानी वही, तिच्यावर हळदीचा डाग. मावशी रात्री आठला आल्या की त्या दिवसाची तारीख टाकायच्या. आजी सकाळी सही करताना उजाडलेल्या दिवसाची. झालं! एकतीस तारखेची रात्र दोघींच्या हिशेबी दोन वेगळ्या महिन्यांत गेली. मुलाला वाटलं, एक दिवस जास्त लावला. मावशींना वाटलं, आपला खाडा मांडला. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

म्हणून सॉफ्टवेअर घेण्याआधी आम्ही नियम ठरवला: ड्यूटी ज्या दिवशी सुरू होते, ती त्या दिवसाची. तो दोन्हीकडे समजावला आणि मगच यंत्राला सांगितला. आता मावशी पोचल्या की फोनवर एक नोंद, निघताना दुसरी. रेंज नसली तर नोंद फोनमध्येच थांबते, रेंज आली की पुढे जाते. मग घरच्यांना मेसेज जातो, वेळ बरोबर आहे ना म्हणून. हरकत असली तर ती त्याच दिवशी कळते. बिल याच नोंदींवरून बनतं आणि मावशींचा पगारही.

दराचीही एक चूक सांगते. आम्ही एकदा दर वाढवला आणि जुनी बिलं उघडली, तर तीसुद्धा नव्या दराने दिसायला लागली! प्रत्येक दराला 'या तारखेपासून' अशी तारीख जोडा, आणि गेलेलं बिल कधीच पुसू नका. बिल जास्तीचं निघालं तर क्रेडिट नोट काढा, म्हणजे जास्तीची रक्कम वजा करणारा कागद.

जीएसटीचं थोडक्यात. नर्सिंगसारख्या आरोग्यसेवेला 28 जून 2017 च्या अधिसूचनेने सूट आहे. भाड्याने दिलेल्या कॉटला ती सूट नाही. म्हणजे एकाच घरच्या बिलात दोन प्रकारच्या ओळी येतात. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला दोन्हींचं एकच बिल देता येतं, नियम 46अ प्रमाणे. बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरी-आकडी ठेवा आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ देऊ नका.

आता जे सांगायला मी आले, ते. सुरुवातीला थकबाकीचा मेसेज आपोआप जायचा. एका घरी आजी वारल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या फोनवर आमचा मेसेज: बिल थकीत आहे. तिचा मला फोन आला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, अजून राख सावडायचीय हो."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता ड्यूटी बंद करताना कारणात 'निधन' लिहिलं, की त्या घरचे सगळे मेसेज थांबतात आणि बिल माझ्याकडे येतं. तेरावं झाल्यावर मी स्वतः फोन करते. मावशींचा पगार मात्र त्या बिलासाठी थांबत नाही. तो ठरल्या तारखेलाच त्यांच्या खात्यावर जातो.