घरी कोण कोण असतं?

हे हर्णै बंदर. होड्या लागल्यात, मासळीचा लिलाव चाललाय, आणि अशाच किनाऱ्यावरच्या गावांत वर पाखाडी चढून गेलं की अंगणवाडीतली पोरं गोल करून बसलेली दिसतात. भिंतीवर बहुतेक वेळा कुटुंबाचा तक्ता असतो, आई, बाबा, ताई, दादा, आजी-आजोबा. पण खाली बसलेल्या पोरांची घरं बघा ना, कुणाचे बाबा मुंबईला, गणपती-शिमग्याला तेवढे येणार, कुणाचे महिनोन्महिने जहाजावर, कुणी आजोळी वाढतंय, कुणाची आई एकटी मासळी विकून घर चालवतेय. आणि एखादं पोर दोन बायकांच्या घरातलंही असू शकतं, दोघींना आईच म्हणणारं, गावात मात्र 'मैत्रिणी आहेत' एवढंच सांगितलं जातं.

पोराला यात काहीच वेगळं वाटत नाही. ते बुजतं ते आपण मोठ्यांनी विचारल्यावर, तुझे बाबा काय करतात रे?

ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट नर्सरीलाही लागू आहे. त्यात नऊ गोष्टींवरून भेदभावाला बंदी, लैंगिक कल त्यातलाच एक, म्हणजे दोन बाबा आहेत म्हणून पोराला ॲडमिशन नाकारली तर ते बेकायदेशीर. स्वीडनच्या बालवाडी अभ्यासक्रमात तर लिहिलेलंच आहे की मुलाच्या किंवा त्याच्या जवळच्या माणसाच्या लैंगिक कलावरून कुणाला वेगळं वागवायचं नाही.

एवढ्याशा पोरांना अशा घरांबद्दल कशाला सांगायचं, असं लोक विचारतात. अहो, शरीरसंबंधांचा यात विषयच नाही! गोष्टीच्या पुस्तकात दोन आया असलेलं एक घर, फॉर्मवर आई-वडील ऐवजी पालक, मदर्स डेचं कार्ड कुणासाठी करायचंय ते पोरालाच विचारायचं, आणि कुणी चिडवलं तर बाईंनी तिथल्या तिथे बोलायचं, हसण्यावारी न्यायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे सहमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्ह्यातून बाहेर आले. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की क्विअर, म्हणजे समलिंगी वगैरे नात्यांचंही कुटुंब असू शकतं, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाला कोर्टाची मान्यता काही मिळाली नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं केलं, फार चांगलं झालं, पण दुसऱ्या आईला त्यातही रकाना नाही.

अंगणवाडीत मात्र तिला जागा करता येते. न्यायला कोण येणार त्या यादीत पहिल्या आईच्या सहीने तिचं नाव घालायचं, आणि पालकसभेचा निरोप दोघींना द्यायचा.