वर्गणीचं पाकीट

(दृश्य: गोव्यातलं वास्को. शनिवारची रात्र. चाळीतलं एक स्वयंपाकघर.)

निवेदन:

मनुका काळ्याच लागतात. धुऊन रात्रभर भिजत घालायच्या. पहाटे त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायच्या. साखर अगदी बेताची. हा रस उद्या उपासनेतल्या प्रभूभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या, छोट्या काचेच्या पेल्यांत ओतला जाईल.

आसपासच्या इगर्जींत, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये, अशा वेळी द्राक्षासव असतं. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे रस असतो, न आंबवलेला. दारूपासून लांब राहायचं ही त्यांची जुनी शिस्त. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं 1869 साली द्राक्षाचा रस न आंबता टिकवण्याची युक्ती शोधली, ती मुळात या पेल्यासाठीच. पुढे त्यातून मोठा व्यापार उभा राहिला, तो भाग वेगळा. आज हा रस बाटलीत तयार मिळतो. पण या घरातल्या मावशींचा बाटलीवर भरवसा नाही. "त्यात काय काय घालतात कोण जाणे," म्हणतात आणि फडकं पिळतात.

(दृश्य: रविवारची सकाळ. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू. एका इमारतीचा जिना.)

निवेदन:

गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र इगर्ज, दारातला खुरीस (क्रूस), फेस्ताची (चर्चच्या सणाची) रोषणाई, कोंकणी लादीन (सामूहिक प्रार्थना). आडनाव फर्नांडिस, नाहीतर डिसोझा. इथं, या मराठी मेथडिस्ट मंडळीत, जिना चढून येणाऱ्यांची आडनावं गायकवाड, साळवे, कांबळे. भेटल्यावर "सलाम" म्हणतात. चपला बाहेर काढतात. आत भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी, एक ढोलकी. भिंतीवर साधा लाकडी क्रूस. मूर्ती एकही नाही.

शेजारच्या कॅथलिक बाईंना हे बरीच वर्षं उमजत नव्हतं. फेस्त नाही, सायबिणीची (मारियामातेची) मूर्ती नाही, मग कसली इगर्ज? समोरच्या हिंदू मराठी कुटुंबाला वेगळंच कोडं. घरात मराठी, नाश्त्याला पोहे, बाईच्या अंगावर नऊवारी, आणि देव्हारा कुठं दिसत नाही! मराठी की कोंकणी या वादात गोव्यानं बरीच वर्षं घालवली. 16 जानेवारी 1967 ला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर जनमत कौल झाला, 1987 साली राजभाषा कायदा आला. त्या सगळ्या गदारोळात मराठी म्हणजे हिंदूंची, असं एक सोपं गणित लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. ही मंडळी त्या गणितात बसत नाहीत.

खरं तर बसायला हवी होती. इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याच गोव्यात, सासष्टीत राहिले. येशूची कथा त्यांनी मराठी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. ओव्या मराठी, लिपी रोमन. म्हणजे मराठीत येशूचं नाव गाण्याची सुरुवात मुंबई-पुण्याला झालेली नाही, ती इथली. पेटीवर बसलेल्या काकांना हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, "मग आम्ही पाहुणे नव्हे, माहेरी आलोय म्हणा."

(दृश्य: रेल्वे यार्ड, मुरगाव बंदराच्या क्रेन. दोना पावलचं ब्रिटिश कबरस्तान, एक झलक.)

निवेदन:

पोर्तुगिजांच्या काळात प्रॉटेस्टंट माणसाला गोव्यात फारसा थारा नव्हता. 1799 ते 1813 इंग्रज फौज इथं तळ ठोकून होती, तिच्या आठवणीला दोना पावलचं हे कबरस्तान उरलं आहे. बाकी शांतता. 19 डिसेंबर 1961 नंतर चित्र पालटलं. बंदर, रेल्वे, नौदल, बँका, पोस्ट, सगळीकडे माणसं लागत होती. ती घाटावरून आली. लोंडा, कॅसलरॉक, कुळे करत वास्कोला उतरली.

त्यांतली काही बेळगावची. तिथं 1820 साली लंडन मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेनं काम सुरू केलं आणि 1904 साली ते मेथडिस्टांच्या हाती दिलं. काही सोलापूरची, काही अहमदनगरची. 1970 च्या नोव्हेंबरात नागपूरला उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. 1981 साली त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया उभं राहिलं. गावाकडे पंथापंथांतल्या या भिंती चांगल्या जाड असतात. वास्कोत आल्यावर कोण कुठल्या मिशनचा हे लग्नाच्या वेळीच आठवतं. एरवी ज्याला पेटी येते तो पेटीवर बसतो.

(दृश्य: घरातली शुक्रवारची सभा. जमिनीवर चटई, आठ-दहा माणसं.)

निवेदन:

आता मुद्द्याकडे येऊ. या मंडळीत मधे मरगळ आली होती. तरुण मुलं पुण्याला, दुबईला गेली. हॉलचं भाडं थकलं. मग कुणीतरी सुचवलं, उज्जीवन सभा, म्हणजे श्रद्धा पुन्हा जागवणारी सभा, घेऊ. मंडप, बाहेरून वक्ता, कीबोर्ड, मोठमोठे स्पीकर. सभा झाली, लोक रडले, हात वर झाले. पुढच्या महिन्यात हॉलमध्ये खुर्च्या होत्या तेवढ्याच भरलेल्या. वर मंडपवाल्याचं बिल.

असल्या सभांनी काहीच होत नाही असं नव्हे. पण मेथडिस्टांची स्वतःची गोष्ट वेगळीच सांगते, आणि ती सुरू होते कर्जापासून.

24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या इंग्रज धर्मगुरूला आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब जाणवली. ही तारीख मेथडिस्ट घरांतल्या मुलांना पाठ असते. पुढच्याच वर्षी तो ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्या माळावर उभा राहिला. हेही सांगितलं जातं. सांगायचं राहतं ते 1742 चं. ब्रिस्टलच्या सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज डोक्यावर होतं. कॅप्टन फॉय नावाच्या एका सभासदानं तोड काढली: प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. "पण गरिबांचं काय?" तर म्हणाला, अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला घरी जाऊन गोळा करीन. ज्याला जमणार नाही त्याची मी भरीन.

माणसं पैसे मागायला दारोदार निघाली. आणि दारात उभं राहिल्यावर कळायला लागलं की याच्या घरी चूल नाही, त्याचं बायकोशी पटत नाही, तिसरा पुन्हा प्यायला लागलाय. वेस्लीनं ओळखलं, आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. बारा-बारा जणांचे वर्ग झाले, प्रत्येकाला एक पुढारी. चळवळ टिकली ती या वर्गांच्या जोरावर. निव्वळ प्रवचनांवर ती एवढी पसरली असती असं मला वाटत नाही.

(दृश्य: मावशींच्या हातातली वही, रबर लावलेली पाकिटं.)

निवेदन:

वास्कोत वही मावशींकडे आहे, त्याच मनुकावाल्या. निवृत्त नर्स. सगळे त्यांना लीडरबाई म्हणतात, मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेबसुद्धा. महिन्याच्या वर्गणीची पाकिटं पूर्वी हॉलच्या दारातल्या पेटीत पडायची. ज्यानं टाकलं नाही त्याचं नाव नोटीस बोर्डावर लागायचं. लाजेनं माणसं यायचीच बंद झाली. मावशींनी बोर्ड उतरवला आणि पिशवी खांद्याला लावून निघाल्या. बायना, मांगोर हिल, झुआरीनगर.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. पाकिटाचं नाव आधी काढायचंच नाही. पाणी मागायचं. पाणी येईपर्यंत घरात नजर फिरवायची. औषधांच्या बाटल्या, शाळेत न गेलेलं पोर, रिकामा गॅस. मग एक प्रश्न: "झोप लागते का रे तुला?" कुणाकडे पैसे नसतील तर वहीत त्या महिन्यापुढे पेन्सिलीनं एक टिंब. टिंबाचा अर्थ मावशींनाच ठाऊक. खजिनदार त्यावरून कुरकुरतात.

शुक्रवारची घरसभा अशीच सुरू झाली. एक गीत, एक उतारा, आणि मग ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. कुणी साक्ष देतं, म्हणजे देवाविषयीचा आपला अनुभव सांगतं, कुणी नुसतंच ऐकतं. भाषण कुणी करत नाही. पाळकसाहेब आले तर त्यांनीही चटईवर बसायचं.

(दृश्य: अरुंद गल्ली, पत्र्याच्या खोल्या.)

निवेदन:

एका घरी मावशींना भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. शेजारच्या खोलीतला भाडेकरू, बांधकामावरचा मजूर. मंडळीतला नव्हे, ख्रिस्तीही नव्हे. नर्सचा कान! दुसऱ्या दिवशी त्याला आरोग्य केंद्रात नेलं. क्षयरोग निघाला.

क्षयरोगाची औषधं सरकारकडून फुकट मिळतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. अडचण औषधाची नसते, तिसऱ्या महिन्याची असते. खोकला थांबतो, अंगात जोर येतो, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सोडतो. मग रोग उलटतो, आणि उलटलेला रोग जुन्या गोळ्यांना दाद देईलच असं नाही. त्यात पोटात अन्न नसेल तर गोळ्या सोसत नाहीत.

सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टीबीमुक्त भारत अभियानात 'निक्षय मित्र' होता येतं. रुग्णाच्या संमतीनं त्याला निदान सहा महिने पोषणाची पिशवी पुरवायची. मोठ्या माणसाला महिन्याला तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, एक किलो शेंगदाणे किंवा दूध पावडर. मंडळीच्या महिलांनी नाव नोंदवलं. पिशव्या हॉलमध्येच भरल्या जातात. आपल्याकडून त्या पिशवीत अंडीही ठेवतात, कारण नुसत्या शेंगदाण्यांवर कंटाळा येतो.

पहिल्याच पिशवीवरून वाद झाला. कुणी म्हणालं, सोबत शुभवर्तमानाचं एक पत्रक घालू, काय बिघडलं? मावशी म्हणाल्या, "आजारी माणसाच्या ताटात कागद घालायचा नाही." वाद बराच चालला. पत्रक घातलं गेलं नाही. धर्मांतराच्या वादानं तापलेल्या गोव्यातल्या आजच्या हवेत ते शहाणपणाचंही होतं, पण मावशींचं कारण ते नव्हतं. त्यांची रीत वेस्लीचीच. ऑक्सफर्डच्या दिवसांत वेस्ली तुरुंगात कैद्यांना भेटायला जायचा. 1746 साली त्यानं लंडनमध्ये गरिबांसाठी दवाखाना उघडला. औषध घ्यायला मेथडिस्टच असायला हवं, अशी अट तिथं नव्हती.

(दृश्य: 31 डिसेंबर. रस्त्यावर जुन्या कपड्यांचा, पेंढा भरलेला 'ओल्ड मॅन'. पोरं गाड्या अडवून पैसे मागतात.)

निवेदन:

वर्षाची शेवटची रात्र. किनाऱ्यावर नाच, आकाशात फटाके, कोपऱ्याकोपऱ्यावर बारा वाजता जाळायचा ओल्ड मॅन. हॉलमध्ये जागरणाची उपासना. हीसुद्धा किंग्जवुडच्या खाणकामगारांची देणगी. गुत्त्यात रात्र काढणारी ती माणसं नव्यानं रात्रभर प्रार्थनेला बसू लागली. वेस्लीनं ती प्रथा लावून धरली आणि महिन्यातली पौर्णिमेजवळची रात्र ठरवली. व्यवहारी माणूस. अंधारात लोकांनी घरी कसं जायचं?

1755 पासून मेथडिस्टांत कराराच्या नूतनीकरणाची उपासना आहे. नव्या वर्षाच्या तोंडावर देवाशी केलेला करार सगळ्यांनी मिळून मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. इथं तो मराठीत म्हटला जातो आणि नेमका मधल्या ओळीला बाहेर ओल्ड मॅन पेटतो. पोरांचे डोळे खिडकीकडे. पाळकसाहेब दोन मिनिटं थांबतात, पोरांना बघून येऊ देतात, मग पुढची ओळ. मला ही गोष्ट फार आवडली.

(दृश्य: सामान बांधलेला टेम्पो.)

निवेदन:

या पाळकसाहेबांची आता बदली झाली आहे. मेथडिस्टांत पाळक एका जागी फार काळ राहत नाही. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचून दाखवतात, नाव आलं की बिऱ्हाड उचलायचं. नवे साहेब कर्नाटकातले, मराठी शिकताहेत. पहिल्या रविवारी त्यांनी "अर्पण" ऐवजी "अडचण गोळा करू या" म्हटलं. हॉल हसला, तेही हसले.

तो बांधकाम मजूर बरा झाला. सहाव्या महिन्यानंतरची तपासणी स्वच्छ निघाली. एका शुक्रवारी तो सभेच्या घरी आला, आत नाही बसला. दारातून मावशींच्या हाती पन्नास रुपये दिले. "पाकिटात टाका," म्हणाला.

खजिनदारांपुढे पेच. वर्गणी फक्त सभासदाची घेता येते आणि हा तर सभासद नाही. देणगी म्हणावी तर पावतीवर त्याचं नाव नको, असं त्यानंच सांगितलेलं. मावशी म्हणाल्या, वहीत घ्या. खजिनदार म्हणाले, वहीत रकानाच नाही. अर्धा तास हुज्जत झाली, चहा दोनदा झाला. शेवटी पन्नास रुपयांची पावती फाटली ती 'इतर जमा' या सदरात.